हायड्रो आणि ह्युमिडिफायरच्या पंख्याला व्हीएफडी बसवताना: टॉवेल कारखान्यासाठी

व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'किती एचपीचा घेऊ?' खरं तर हा प्रश्न तिसरा आहे. त्याआधी या यंत्राचा वेग बदलून काही मिळणार आहे का ते बघायचं आणि तिथे असलेली मोटर ड्राइव्ह सोसेल का तेही बघायचं. या दोन गोष्टी न बघता आणलेला ड्राइव्ह पहिल्या उन्हाळ्यातच ट्रिप व्हायला लागतो. मग वायरमन तो काढून पुन्हा जुना स्टार-डेल्टा स्टार्टर लावतो आणि 'ड्राइव्ह आपल्या हवेला चालत नाही' असं सगळीकडे होतं. चालतो, पण निवड आणि जोडणी बरोबर हवी.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला किंवा चिंचोळीतला मध्यम आकाराचा टॉवेल कारखाना डोळ्यांपुढे ठेवा. मागाच्या एक-दोन एचपीच्या मोटरला ड्राइव्ह लावू नका. माग दिवसभर एकाच वेगाने चालतो, त्यामुळे वीज वाचायला जागाच नाही, उलट ड्राइव्हमध्ये दोन-तीन टक्के जातील. मागखात्याची हवा ओलसर ठेवणाऱ्या ह्युमिडिफिकेशन प्लान्टचा पंखा मात्र पहिल्या पसंतीचा. डाईंगमधली विंच आणि जिगर ही कापड रंगवायची यंत्रं, त्यांना कापडानुसार वेग लागतो, तिथेही ड्राइव्ह शोभतो. हायड्रोला, म्हणजे ओला माल टोपलीत गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्राला, वीज वाचवण्यासाठी नव्हे, तर सुरुवात आणि थांबणं सुधारण्यासाठी ड्राइव्ह लावायचा. पंपाच्या बाबतीत जपून. बोअरमधून ६० मीटर उंच पाणी उचलणारा पंप ४० हर्ट्झवर चालवला तर त्याचा दाब ६४ टक्क्यांवर येतो. तेवढ्यात पाणी वरपर्यंत पोचतच नाही, पंप नुसता घुसळत राहतो आणि तापतो. ह्युमिडिफिकेशन प्लान्टमध्ये हवेवर पाणी फवारणाऱ्या एअर वॉशरच्या नोझलचा पंपही असाच. दाब कमी झाला की थेंब जाड पडतात आणि हवा नीट ओली होत नाही. तो पंप पूर्ण वेगानेच चालू द्या.

पंख्याचा हिशोब मात्र खरोखर गोड आहे. हवा वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गात आणि ताकद वेगाच्या घनात बदलते. ५० वरून ४० हर्ट्झवर आलं की ताकद ०.८ चा घन, म्हणजे ५१ टक्के. ५० हर्ट्झला ५ किलोवॅट ओढणारा पंखा ४० हर्ट्झला, ड्राइव्हचा तोटा धरूनही, २.८ च्या आसपास ओढतो. दिवसाला २० तास चालत असेल तर रोज ४४ युनिट वाचले. आता हे बारा महिने मिळतील असं समजू नका. सुती मागाला ७५ ते ८० टक्के आर्द्रता लागते, नाहीतर ताणा तुटतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पंखा ५० हर्ट्झवरच पळणार. बचत पावसाळ्यात आणि थंडीत होते, तेव्हा परतफेडीचा हिशोब वर्षाचे महिने वेगवेगळे धरून करा.

मोटर आधी

नेमप्लेट पुसली असेल तर ओल्या फडक्याने साफ करून फोटो काढा. व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, आरपीएम आणि जोडणी हे पाच आकडे लागणारच. आपल्याकडे १.५ किलोवॅटपर्यंतच्या मोटरी बहुतेक स्टारमध्ये ४१५ व्होल्टच्या असतात आणि त्यावरच्या डेल्टामध्ये. पण सेकंडहँड परदेशी यंत्रं आली की हा नियम बाजूला ठेवा. त्यांच्या प्लेटवर 'डेल्टा २३०, स्टार ४००' असेल आणि तुम्ही सवयीने डेल्टात जोडली, तर वाइंडिंग जळणारच. प्लेटवर '३८० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असेल तर ती मोटर आपल्या लाइनवर थेट चालवणं चूक आहे. तिला हर्ट्झमागे ६.३ व्होल्ट हवेत आणि आपली लाइन ८.३ देते. मोटरचं लोखंड चुंबकत्वाने भरून जातं, बिनलोडचा करंट वाढतो आणि मोटर गुणगुणत तापते. इथे ड्राइव्ह वरदान आहे. बेस फ्रिक्वेन्सी ६० आणि बेस व्होल्टेज ३८० टाका, ड्राइव्ह ५० हर्ट्झला आपोआप ३१७ व्होल्ट देईल.

नंतर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर, मोटर थंड असताना, एक मिनिट धरून. ५ मेगोहमच्या खाली आलं तर ड्राइव्ह लावू नका, आधी मोटर वाळवा किंवा वार्निश करून घ्या. चांगल्या मोटरला शंभराच्या वर येतं. डाईंगमधल्या मोटरी वाफेत राहून ओल्या होतात, तिथे हा आकडा हमखास घसरलेला दिसतो. मेगर करताना ड्राइव्हकडच्या तिन्ही तारा सोडलेल्या असल्याच पाहिजेत. ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर मारला की आतले पॉवर ट्रान्झिस्टर जातात, आणि ते वॉरंटीत बसत नाहीत. तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्सही मोजा. तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिवायंडिंग नीट झालेलं नाही किंवा आत एखादा टाका ढिला आहे.

रिवायंडिंगचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा, कारण जुन्या कारखान्यातली बहुतेक मोटर एकदा तरी भरून झालेली असते. ड्राइव्ह मोटरला साइन वेव्ह देत नाही. ४१५ व्होल्टच्या लाइनवर आतला डीसी बस (एसीचा डीसी करून कपॅसिटरवर साठवलेला भाग) ५८७ व्होल्टचा असतो आणि ड्राइव्ह तोच डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटरकडे पाठवतो. हे तोडणं-जोडणं करणारे आयजीबीटी नावाचे पॉवर ट्रान्झिस्टर बी. जयंत बालिगा यांच्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या कामातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आले. बालिगा आपलेच, मद्रास आयआयटीचे पदवीधर. हा स्विच इतक्या झटक्यात उघड-बंद होतो की केबल लांब असली तर लाट मोटरच्या टर्मिनलवर आदळून परत फिरते आणि तिथला व्होल्टेज जवळपास दुप्पट, सुमारे ११७० व्होल्टपर्यंत चढतो. या झटक्याचा मोठा भार वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर पडतो. म्हणून वाइंडिंगवाल्याला स्पष्ट सांगा: डबल कोट तार, प्रत्येक फेजमध्ये वेगळा कागद, टोकाच्या वेढ्यांना स्लीव्ह, आणि वार्निश ओतून नव्हे तर बुडवून भट्टीत वाळवलेलं. थोडं महाग पडेल, पण ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरला इथे काटकसर परवडत नाही.

ड्राइव्ह निवडताना

एचपी नव्हे, अँपिअर बघा. ५.५ किलोवॅटची, म्हणजे साडेसात एचपीची चार पोलची मोटर साधारण ११ अँपिअर घेते. तिच्या प्लेटवरचा आकडा आणि ड्राइव्हचा सतत चालण्याचा आकडा समोरासमोर ठेवा. ड्राइव्हच्या प्लेटवर दोन आकडे असतात. नॉर्मल ड्युटीत मिनिटभर ११० टक्के मिळतं, हेवी ड्युटीत १५० टक्के. पंख्याला नॉर्मल चालतं. हायड्रो, विंच आणि जिगरला हेवीचाच आकडा धरा.

मग उन्हाळा. समुद्रसपाटीपासून उंचीमुळे क्षमता कमी करावी लागते ती हजार मीटरच्या वर, सोलापूर त्याच्या निम्म्याहून खाली आहे, म्हणून ते सोडून द्या. तापमान मात्र सोडू नका. बाहेर ४२-४३ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त, बंद पॅनेलमध्ये आणखी दहा. पुष्कळ ड्राइव्ह ४० अंशांवर पूर्ण क्षमतेचे असतात आणि त्यावर दर अंशाला एक-दोन टक्के कापावे लागतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पॅनेलच्या आत ५५ अंश होणार असतील तर एक साइज वरचा ड्राइव्ह घ्या किंवा पॅनेल गार ठेवा. ५.५ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर १५० ते २०० वॅट उष्णता सोडतो. २०० वॅट उष्णता पाच अंशांच्या फरकात बाहेर काढायची तर ताशी सुमारे १२५ घनमीटर हवा लागते. पंखा निवडताना जाळीवरचा अडथळा धरून त्याच्या दुप्पट घ्या.

आपल्याकडे धुळीपेक्षा सुताची उडती रुई जास्त त्रास देते. मागखात्यात पॅनेलच्या फिल्टरवर ती आठवड्यात चादरीसारखी जमते आणि पंखा असून नसल्यासारखा होतो. आत शिरलेली रुई हीटसिंकच्या फटीत बसते. म्हणून ड्राइव्हचं पॅनेल मागखात्यात ठेवू नका, शक्यतो शेजारच्या खोलीत किंवा भिंतीच्या पलीकडे ठेवा. केबल थोडी लांबते, पण रुईपेक्षा लांब केबल बरी. खात्यातच ठेवावं लागलं तर हीटसिंक पॅनेलच्या मागे बाहेर काढून बसवता येतो असा ड्राइव्ह घ्या आणि पॅनेल पूर्ण बंद ठेवा. आतल्या इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. पाच-सहा वर्षांत ड्राइव्ह 'म्हातारा' होण्यामागे बहुतेक हेच कारण असतं.

स्पेअर म्हणून घेतलेला ड्राइव्ह वर्षभर कपाटात पडून राहिला असेल तर त्याला थेट पूर्ण व्होल्टेज देऊ नका. कपॅसिटरला हळूहळू सवय करून द्यावी लागते. पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

वायरिंग

जुना स्टार-डेल्टा स्टार्टर पूर्ण काढायचा. मोटरच्या सहा टोकांतून तीनच वायरी ड्राइव्हकडे येतात आणि डेल्टाच्या पट्ट्या मोटरच्या डब्यातच टाकायच्या: यू-१ ला डब्ल्यू-२, व्ही-१ ला यू-२, डब्ल्यू-१ ला व्ही-२. 'काम झालं, पण मोटरला ताकद नाही' अशी तक्रार आली की पहिल्यांदा हा डबा उघडा. मोटर स्टारमध्ये राहिलेली असते.

लाइन आर, एस, टी वर आणि मोटर यू, व्ही, डब्ल्यू वर. लाइन चुकून यू, व्ही, डब्ल्यू ला दिली तर ड्राइव्ह त्याच क्षणी जातो, दुरुस्तीला काही उरत नाही. सप्लाय देण्याआधी दोन माणसांनी स्वतंत्रपणे वायर ओढून आणि नंबर वाचून बघावं.

मोटरच्या डब्यावर किंवा स्टार्टरमध्ये पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर असेल तर तो काढा. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर कधीच नको, कारण प्रत्येक स्विचिंगला त्यातून मोठा करंट धावतो आणि ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होतो किंवा फुटतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कॉन्टॅक्टर ठेवून तो चालू-बंद करणंही टाळा. इनपुटला एमसीसीबी (सर्किट ब्रेकर) किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला फ्यूज, त्यानंतर ३ टक्क्यांचा लाइन चोक. चोकची किंमत ड्राइव्हच्या मानाने थोडी असते, पण लोक तिथेच वाचवतात. लाइनवरचे झटके तो गिळतो आणि इनपुट करंटचं विकृत रूप बरंच ताळ्यावर आणतो.

मोटरची केबल चार कोरची, ५.५ किलोवॅटला ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, आर्मर्ड किंवा शिल्डवाली, आणि तिचं आर्मर दोन्ही टोकांना अर्थ केलेलं. ५० मीटरच्या पुढे लांबी गेली तर आउटपुट चोक किंवा व्होल्टेजचा झटका सौम्य करणारा डीव्ही-डीटी फिल्टर लावा. सेन्सरच्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या वायरी पिळलेल्या आणि शिल्डवाल्या घ्या, त्यांचं शिल्ड मात्र एकाच टोकाला, ड्राइव्हकडे अर्थ करा. पॉवर केबलपासून त्या २०-३० सेंटिमीटर दूर न्या. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

अर्थिंगला नियमाप्रमाणे मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र वायरी लागतात. आपली काळी माती पावसाळ्यात छान अर्थ देते आणि मे महिन्यात भेगा पडून कोरडी झाली की तोच खड्डा निकामी होतो. म्हणून अर्थचा रेझिस्टन्स ऑगस्टमध्ये नव्हे, मेमध्ये मोजा, आणि खड्ड्यात पाणी घालायचं काम कोणाचं ते ठरवून द्या. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला कायमच जातो, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थला गळणारा करंट ओळखून पडणारा ब्रेकर) विनाकारण पडतो. तिथे वायरमनने आरसीसीबीच काढून टाकणं हा उपाय नव्हे. ड्राइव्हसाठी बनवलेला बी टाइपचा, ३०० मिलिअँपिअरचा घ्या.

आणि हे प्रत्येक वेळी: सप्लाय बंद केल्यावर ड्राइव्हला हात लावण्याआधी किमान दहा मिनिटं थांबा आणि डीसी बसच्या प्लस-मायनस टर्मिनलवर मीटरने ५० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नाही. लो-पास फिल्टर नसलेलं मीटर आउटपुटचा व्होल्टेज चुकीचा दाखवतं, त्यावर विसंबून मोटरचा निष्कर्ष काढू नका.

पॅरामीटर

नेमप्लेटचे पाच आकडे टाकल्यावर ऑटो ट्यूनिंग करा, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच मोटर मोजून घेतो. मोटर यंत्रापासून सोडता येत असेल तर फिरवून करायचं, नसेल तर उभ्या मोटरवर. पंख्याला साधा व्ही-एफ मोड (हर्ट्झप्रमाणे व्होल्ट), त्यातही वर्गाकार वक्र. ४० हर्ट्झला सरळ रेषेत ३३२ व्होल्ट लागतात, पंख्याला त्याहून थोडे कमीही पुरतात. हायड्रो-विंचला सेन्सरलेस व्हेक्टर, म्हणजे वेगाचा सेन्सर न लावता मोटरचा टॉर्क सांभाळणारी पद्धत. याच व्हेक्टर पद्धतीचा पाया १९७० च्या सुमारास जर्मनीत घातला गेला. तिच्यामुळे इंडक्शन मोटर कमी वेगालाही डीसी मोटरसारखी ताकद देते.

पंख्याला चढायला ३० सेकंद आणि उतरायला ६० द्या. कॅरियर फ्रिक्वेन्सी, म्हणजे तोडण्या-जोडण्याचा वेग, ४ किलोहर्ट्झ ठेवा. ती वाढवली की मोटरची शिट्टी कमी होते, पण ड्राइव्ह जास्त तापतो आणि अर्थला जाणारा करंट वाढतो. पंख्याची कमाल मर्यादा ५० आणि किमान ३०. किमान ३० यासाठी की मागखात्यातली उष्णता बाहेर काढायचं कामही हीच हवा करते. शिवाय मोटरचा स्वतःचा पंखा तिच्या शाफ्टवर असतो, म्हणून वेग उतरला की मोटरला वाराही कमी मिळतो. पंख्यासारखा भार हलका होत जातो, म्हणून तो खपतो. विंचसारखा भार कमी वेगालाही पूर्ण ताकद मागतो, तिथे २५ हर्ट्झच्या खाली बराच वेळ चालवायचं तर मोटरला वेगळा पंखा लावा.

आर्द्रतेचा सेन्सर जोडून पीआयडीवर, म्हणजे सेन्सर बघून ड्राइव्हने आपोआप वेग ठरवावा असं, चालवणार असाल तर सेन्सर परतीच्या हवेच्या वाटेत, मागांच्या डोक्याच्या उंचीला लावा. पुरवठ्याच्या जाळीखाली लावला तर तो नेहमी ओलीच हवा बघतो आणि पंखा हळू करतो. मग खात्याच्या दुसऱ्या टोकाला सूत तुटत राहतं. खात्यातली आर्द्रता सावकाश बदलते, म्हणून पीआयडीमधली इंटिग्रल वेळ मिनिटांत ठेवा. सेकंदांत ठेवली तर पंखा सतत वरखाली होत राहील. लाइट गेली आणि परत आली तेव्हा पंखा फिरतच असतो. फ्लाइंग स्टार्ट चालू ठेवा, नाहीतर फिरत्या मोटरवर शून्यापासून सुरू होऊन ड्राइव्ह ट्रिप होतो.

हायड्रो

हायड्रो वेगळं प्रकरण आहे. फिरत्या टोपलीत किती ऊर्जा साठते याचा अंदाज न घेता लोक त्याला पंख्यासारखाच ड्राइव्ह लावतात. एक हिशोब करू. ४८ इंची टोपली, भरलेल्या मालासकट फिरणारं वजन ३०० किलो, ते सरासरी अर्धा मीटर त्रिज्येवर धरलं तर जडत्व ७५ किलो-मीटर वर्ग. वेग ९०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९४ रेडियन. ऊर्जा सुमारे ३३० किलोज्यूल. ७.५ किलोवॅटच्या मोटरने ती १०० सेकंदांत चढवायची तर जवळपास पूर्ण रेटेड टॉर्क लागतो. म्हणून चढायची वेळ १२० सेकंद ठेवा. सुरुवातीला माल पाण्याने जड असतो, तेव्हा थोडी ढिलाई हवीच. चढताना करंट रेटेडच्या आसपास राहिला तर ठीक. १३० टक्क्यांवर चढत असेल तर वेळ आणखी वाढवा.

उतरताना हीच ऊर्जा मोटरमधून उलट ड्राइव्हकडे येते आणि डीसी बस फुगवते. ८०० व्होल्टच्या आसपास ड्राइव्ह 'ओव्हरव्होल्टेज' म्हणून हात वर करतो आणि टोपली मोकळी फिरत राहते. उपाय दोन. घाई नसेल तर उतरण्याची वेळ सहा-सात मिनिटं ठेवा, बेअरिंग-पट्ट्याचं घर्षणच बरंचसं काम करतं. घाई असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर. १२० सेकंदांत थांबवायचं तर सरासरी २.८ किलोवॅट आणि अगदी सुरुवातीला त्याच्या दुप्पट, ५.६ किलोवॅट परत येतात. ब्रेक साधारण ७६० व्होल्टला सुरू होतो. तिथे ७५ ओहमचा रेझिस्टर ७.७ किलोवॅट जाळतो, म्हणजे पुरून उरतो. मात्र ड्राइव्हच्या मॅन्युअलमधल्या किमान ओहमपेक्षा खाली जाऊ नका, ब्रेकचा ट्रान्झिस्टर जाईल. बारा मिनिटांना एक घाणा काढत असाल तर सरासरी ताप ४६० वॅटच, पण ती दोन मिनिटं सलग सोसायची आहेत, म्हणून २ किलोवॅटचा वायरवाउंड घ्या. रेझिस्टर लावल्यावर ड्राइव्हमधलं 'उतरताना स्टॉल प्रिव्हेन्शन' बंद करा. ते चालू राहिलं तर ड्राइव्ह स्वतःच वेळ लांबवतो आणि रेझिस्टर गारच राहतो.

हा रेझिस्टर काही शे अंशांपर्यंत तापतो. सुताची रुई त्याच्यावर पडली की पेटते. भोकांच्या लोखंडी पेटीत, पॅनेलच्या बाहेर, रुई पोचणार नाही अशा उंचीला लावा. त्यावर थर्मल स्विच हवाच, आणि तो ड्राइव्हच्या इनपुटच्या कॉन्टॅक्टरला पाडेल असा जोडा. नुसता ड्राइव्हच्या कंट्रोलला जोडून भागत नाही, कारण ब्रेकचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ड्राइव्ह 'थांबला' तरी रेझिस्टर जळतच राहतो. लाइन कापली तरच तो थांबतो.

जुन्या हायड्रोत मोटर आणि टोपली यांच्यामध्ये सेंट्रिफ्युगल क्लच असतो. थेट सुरू होणाऱ्या मोटरसाठी तो उत्तम, ड्राइव्हसाठी शत्रू. हळू चढताना क्लचचे शू पूर्ण पकडत नाहीत आणि घसरून लायनिंग जळतं. वेग उतरला की क्लच सुटतो आणि ड्राइव्हचा ब्रेक हवेत मारला जातो. ड्राइव्ह लावायचा तर क्लच काढून घट्ट पुली बसवा.

स्प्रिंगवर टांगलेल्या टोपलीला एक डगमगणारा वेग असतो. ड्राइव्हने सावकाश चढवताना ती त्या वेगात जास्त रेंगाळते आणि जोरात हलते. 'जंप फ्रिक्वेन्सी' टाकून हे सुटत नाही, कारण चढता-उतरताना ड्राइव्ह तो पट्टा ओलांडतच असतो. ५ हर्ट्झवर पंधरा-वीस सेकंद फिरवून माल बसू द्या, मग दोन टप्प्यांच्या वेळेपैकी जलद टप्पा डगमगण्याच्या वेगापलीकडे नेईल असा ठेवा, पुढे संथ. आणि माल सारखा भरणं हे काम ड्राइव्ह करत नाही.

कमाल फ्रिक्वेन्सी ५० वर कुलूप लावून ठेवा आणि त्याचा पासवर्ड सुपरवायझरकडेच असू द्या. ५५ हर्ट्झ केलं तर टोपलीवरचा ताण २१ टक्के वाढतो. गंजलेली टोपली फुटते तेव्हा माणूस जातो. झाकणाचा लॉक शून्य वेगालाच सुटेल असा हवा. लाइट गेली तर ड्राइव्हचा ब्रेक चालत नाही, म्हणून पायाचा ब्रेक काढू नका. तो दाबला की ड्राइव्हची रन कमांड तुटेल असा स्विच मात्र बसवा, नाहीतर मोटर आणि ब्रेक एकमेकांशी भांडत बसतील.

नंतर काय बिघडतं

चार-सहा महिन्यांनी बेअरिंग एकसुरी घरघर करू लागलं आणि उघडल्यावर रिंगवर कपडे धुण्याच्या फळीसारख्या बारीक आडव्या रेषा दिसल्या, तर ग्रीसला दोष देऊ नका. शाफ्टवर चढलेला व्होल्टेज ग्रीसच्या पापुद्र्यातून फुटतो आणि प्रत्येक वेळी धातूला सूक्ष्म खड्डा पाडतो, त्याच्या या खुणा. आर्मरची अर्थिंग दोन्ही टोकांना नीट आहे का ते आधी बघा. मग शाफ्टला ग्राउंडिंग रिंग लावा. मोठ्या मोटरला शिवाय पुलीच्या विरुद्ध बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग.

रात्री कारखाना रिकामा असताना लाइन ४४० पर्यंत चढते, तेव्हा डीसी बस ६२० च्या वर सुरुवातीपासूनच असतो आणि उतरताना लवकर ट्रिप होतो. फक्त रात्रपाळीला ओव्हरव्होल्टेज येत असेल तर उतरण्याची वेळ वाढवा. उलट इनपुटचा एक फेज गेला तर ड्राइव्ह हलक्या भारावर चालतच राहतो आणि कपॅसिटर खाऊन टाकतो. 'इनपुट फेज लॉस' बंद करून ठेवलं असेल तर चालू करा.

शेवटी कारखान्याचं एपीएफसी पॅनेल, म्हणजे कपॅसिटर जोडून-सोडून पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारं. ड्राइव्हमुळे लाइनमध्ये २५० आणि ३५० हर्ट्झचे हार्मोनिक, म्हणजे ५० च्या पटीतले नको असलेले करंट, येतात. चोक नसेल तर इनपुट करंटची विकृती ८० टक्क्यांपर्यंत जाते, चोक असेल तर ३५-४० वर येते. कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून यातल्या एखाद्या फ्रिक्वेन्सीला सूर जुळवला की कपॅसिटर फुगतात, त्यांचे फ्यूज जातात, केबल विनाकारण गरम होते. टोंग टेस्टरने (तारेभोवती अडकवायच्या मीटरने) कपॅसिटरचा करंट मोजा. प्लेटपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त असेल तर सूर बदलण्यासाठी कपॅसिटरला जोडायचा ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअॅक्टर आणि ५२५ व्होल्टचे कपॅसिटर घ्या. या जोडीचा सूर १८९ हर्ट्झला लागतो, २५० च्या खाली, म्हणून ती सुरक्षित. ज्या मोटरी ड्राइव्हवर गेल्या त्यांचा कपॅसिटरचा हिस्सा बँकेतून वजा करायला विसरू नका. ड्राइव्हचा स्वतःचा डिस्प्लेसमेंट पॉवर फॅक्टर ०.९५ च्या वर असतो, त्यामुळे जुने कायमचे जोडलेले कपॅसिटर तसेच राहिले तर सुट्टीच्या दिवशी पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, उन्हाळा चढायच्या आधी, सगळे ड्राइव्ह बंद करून हीटसिंक कोरड्या हवेने, हलक्या दाबाने साफ करा, पॅनेलचे फिल्टर बदला, ड्राइव्हचा पंखा आवाज करत असेल तर बदलून टाका आणि पॉवर टर्मिनलचे स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. पॅरामीटरची यादी छापून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असू द्या.